वाइनच्या बाटलीला किती द्यावेत : एका बेदाणेवालीचा हिशेब

परवा ऑफिसात आमच्याकडं नवीनच लागलेल्या मुलीनं विचारलं, "ताई, वाइनची चांगली बाटली घ्यायची झाली तर किती घालवायचे?" तिला नवऱ्याच्या साहेबांकडं जेवायला जायचं होतं. मी म्हटलं, नऊशे ते बाराशे, त्यापुढं जाऊ नको. तिचा चेहरा पडला. दुकानदारानं तिला अडीच हजारांची परदेशी बाटली दाखवली होती आणि "यापेक्षा खाली देण्यासारखं काही नाही" असंही सांगितलं होतं. ऑफिसच्या काउंटरवर तिला नीट सांगायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी सांगलीत एका शीतगृहात हिशेब बघते. आमच्याकडं बेदाणा असतो, तासगाव, सावळज, कवठेमहांकाळकडचा. अठरा वर्षं पंधरा किलोची खोकी आत जाताना आणि बाहेर येताना बघतेय. भाव कशाला मिळतो आणि चव कशात असते, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला इथंच कळलं. सावलीत नीट वाळलेला हिरवा माल सौद्यात उठतो. गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक माल मिठाईवाले उचलतात. हिरव्यात आणि पिवळ्यात किलोमागं कधी वीस, कधी चाळीस रुपयांचा फरक पडतो. डोळे मिटून दोन्ही तोंडात टाका, तो चाळीस रुपयांचा फरक जिभेला सापडेलच असं नाही. जुने व्यापारी म्हणूनच खोक्याच्या वरचा माल बघत नाहीत, हात तळापर्यंत घालतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकाच बागेतला, एकाच दिवशी तयार झालेला बेदाणा घ्या. निम्मी खोकी मार्चमध्ये आमच्याकडं ठेवा, निम्मी घरी पत्र्याच्या शेडमध्ये. दिवाळीला दोन्ही शेजारी उघडा. आतला हिरवाच असतो, घरचा लाल पडलेला असतो. माल तोच, कष्ट तेच, मधले सात-आठ महिने तेवढे वेगळे.

वाइनचंही हेच आहे आणि आपल्याकडं नेमकं हेच कुणी बघत नाही. मागच्या एप्रिलमध्ये नवऱ्याला बढती मिळाली म्हणून मी सोळाशे पन्नासची एक लाल बाटली आणली. दुकानाचं नाव लिहीत नाही. बाटली वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या शेजारी उभी होती आणि दुकानात एकच पंखा होता. घरी आणून वरचं वेष्टन काढलं तर बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं, बाजूनं चिकट ओघळ. उघडल्यावर फळाचा वास नाहीच, तळाशी लागलेल्या मोरंब्यासारखा वास. दोन घोट घेऊन आम्ही ठेवून दिली. सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. रात्री दुकान बंद झालं की शटरच्या आत काय तापमान होत असेल, याचा अंदाज शीतगृहात काम करणाऱ्या बाईला तरी असायला हवा होता. त्या दिवशी मी फक्त किंमत आणि लेबल बघितलं, याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यानं ती वाइन केली त्याची त्यात काही चूक नव्हती.

तेव्हापासून मी किमतीच्या आधी तीन गोष्टी बघते. दुकानात एसी चालू आहे का. लेबलावर द्राक्षांच्या हंगामाचं साल काय आहे. आणि बाटली किती भरलेली आहे, बूच वर आलंय का, ओघळ दिसतोय का. पांढरी वाइन असेल, शनां ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां, तर गेल्या एक-दोन हंगामांतलीच. या वाइन मुरवून ठेवायच्या नसतात, ताज्या प्यायच्या असतात. फिरकीचं झाकण दिसलं की माझ्या ऑफिसातल्या बायका "हलकी दिसतेय" म्हणतात. उलट आहे. ताजी प्यायच्या वाइनला ते झाकण उत्तम, बूच सुकण्याची भानगडच नाही. हरिपूरला पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत ऊन नाही, हवेची ये-जा नाही, गारवा सगळ्या ऋतूंत सारखा. वाइनला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

आता पैसे. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीला साधारण किलो, बाराशे ग्रॅम द्राक्षं लागतात. चाळीस रुपये किलोनं धरलं तरी बाटलीत शेतकऱ्याचे अठ्ठेचाळीस रुपये. मग काच, झाकण, लेबल, खोकं, कारखान्यातली थंड टाक्यांची वीज, वाहतूक, कर, वितरक, दुकानदार. हा बाकीचा खर्च स्वस्त बाटलीलाही जवळपास तेवढाच येतो. म्हणून अगदी स्वस्तातली घेतली तर आपण बहुतेक पैसे काचेला आणि गाडीभाड्याला देतो, आत काय आहे त्याला फार थोडे. तीन-चारशेत 'पोर्ट' म्हणून जी गोड वाइन मिळते, तिचा पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी नावापुरताच संबंध. ती कुणाला आवडत असेल तर जरूर घ्यावी, पण द्राक्षाची ओळख तिच्यातून होत नाही.

आठ-नऊशेपासून बाराशेपर्यंत मात्र वाढलेला प्रत्येक रुपया बऱ्यापैकी बाटलीच्या आत जातो. वेलीवर कमी घड ठेवलेले असतात. आपल्या खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन काढायचे असतात, चांगल्या वाइनच्या द्राक्षाला चार-पाच टनांवर थांबावं लागतं. तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. एवढ्या पैशांत नाशिकची असो, नाहीतर आपल्या शेजारच्या अकलूजची, चांगली बाटली मिळते.

त्यापुढं वाइन मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपाचा खर्च येतो. पिंप २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं. नवं फ्रेंच पिंप सत्तर हजारांच्या आसपास पडतं असं धरलं तर बाटलीमागं सव्वादोनशे-अडीचशे रुपये नुसत्या लाकडाचे. वर वर्षभर माल अडकून पडतो, त्याचं व्याज. शीतगृहात बसून मला हे व्याज चांगलं समजतं. म्हणून पिंपात मुरलेली लाल वाइन अठराशे-दोन हजारांना असेल तर ती किंमत मला पटते. वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही घेतो. दोन हजारांच्या पुढं मी कधी गेले नाही आणि जाणार नाही. तिथून पुढं मी नावाला आणि दुर्मिळतेला पैसे देणार, आणि ते द्यायला माझ्याकडं कारण नाही.

परदेशी बाटलीचं गणित त्या मुलीला आधी सांगायला हवं होतं. आयात वाइनवर आपल्याकडं बरीच वर्षं एकूण दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं. ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर तिथल्या ठरावीक किमतीवरच्या वाइनना थोडी सूट मिळाली. दीडशे टक्क्यांनी तिकडं सहाशेला निघालेली बाटली बंदरावरच पंधराशेची होते. मग राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार. ती फळीवर अडीच हजारांना उभी असते तेव्हा आत वाइन सहाशेचीच असते. शिवाय जहाजातून, गोदामातून, ट्रकमधून किती उन्हं खाऊन आली, कुणास ठाऊक.

पण तीच बाटली कुणी बॅगेतून आणली तर गोष्ट वेगळी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क न भरता आणता येते. माझा भाचा जर्मनीत शिकतो. मागच्या दिवाळीला त्यानं मोजेल खोऱ्यातली रीसलिंग ही पांढरी वाइन आणली. "मावशी, तिथं ही नऊ युरोला मिळते," म्हणाला. आम्ही गच्चीवर ती आणि साडेनऊशेची नाशिकची शनां ब्लां अशा दोन्ही बाटल्या 'पुढारी'त गुंडाळून ठेवल्या. सोबत भडंग, वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. पाचजण होतो. तिघांना शनां ब्लां जास्त आवडली, त्यात भाचाही होता. मला रीसलिंगच आवडली. तिच्यातला आंबटपणा भडंगाच्या लसणीला असा काही पुरून उरला की मी अजून ती चव विसरले नाही. म्हणजे परदेशी वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. नऊ युरोची बाटली नऊ युरोला मिळाली की ती सुंदरच आहे.

किंमत कळली की जीभ बदलते, हे मात्र खरं. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची सांगून, एकदा नव्वद डॉलरची सांगून. नव्वदची म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या तपासणीतही ती आवड दिसली. खोटं कुणी बोलत नव्हतं. त्यांना खरंच जास्त छान लागत होतं. म्हणून आम्ही पेपर गुंडाळतो.

हे सगळं मी एवढ्या जिव्हाळ्यानं लिहितेय त्याला कारण आहे.

सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. नाशिकला विंचूर आणि आपल्याकडं पलूस, अशा दोन ठिकाणी वाइन पार्क आले. आमच्या आबांनी २००६ मध्ये दोन एकरांवर शिराझ हे लाल वाइनचं द्राक्ष लावलं. एका कंपनीशी करार, बत्तीस रुपये किलो. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले. २०१० च्या फेब्रुवारीत माल तयार, गोडी भरलेली, आणि कंपनीनं कळवलं की टाक्या भरल्यात, उचल होणार नाही. खायचं द्राक्ष असतं तर आबांनी दोन दिवसांत शेडवर टाकून बेदाणा केला असता. शिराझचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. ना बाजारात विकता येत, ना वाळवता येत. नऊ टन माल होता. थोडा नऊ रुपयांनी गेला, बाकी पाखरांनी खाल्ला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आबांनी वेली खाली कापल्या आणि त्याच खुंटांवर सोनाका या खायच्या द्राक्षाचं कलम केलं. त्या वर्षी आसपासच्या बऱ्याच बागा अशाच गेल्या.

पुढच्या वर्षी नवरा आणि मी नाशिकला गेलो होतो. तिथल्या एका वायनरीत शिराझचा पेला समोर आला. मी तोपर्यंत वाइन प्यायलेच नव्हते. काळ्या मिरीचा बारीक वास आला आणि मला रडू आलं. चार वर्षं बागेत ज्याची फवारणी बघितली, विरळणी केली, ते शेवटी असं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून ही आवड आहे.

आबा माळकरी. ओठाला लावायचा प्रश्नच नाही. पण दिवाळीच्या त्या रात्री ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. भडंग खात आमची गंमत बघत होते. पांढऱ्या संपल्यावर मी अकराशेची शिराझ उघडली. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून काढली होती, लाल वाइन आपल्या घरातल्या उकाड्यात तशीच ओतू नये. आबांनी हात पुढं केला.

"दे बघू इकडं. पिणार न्हाई, वास घेतो."

पेला उजेडाकडं धरला. तिरका करून कडेचा रंग बघितला, सौद्यात माल बघतात तसा. मग नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"केवढ्याची ही?"

"अकराशेची, आबा."

"द्राक्ष किती लागतं?"

"किलो, बाराशे ग्रॅम."

ते थोडं थांबले. आबांचा तोंडी हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

"म्हंजी आपल्या नऊ टनाच्या साडेसात हजार बाटल्या झाल्या असत्या."

"हो."

भाचा काहीतरी बोलायला गेला, त्याला मी हातानं थांबवलं. आबांनी पेला परत माझ्याकडं दिला. मग बाटली उचलून चष्मा वर सरकवला आणि लेबल वाचायला लागले. साल सापडलं, पण त्यांना हवं होतं ते त्यावर नव्हतं.

"फेब्रुवारीत तोडला का मार्चमध्ये, ते कुठं लिवलंय?" म्हणाले.