नव्या रंगाखालचं शिसं

खोली नुकतीच रंगवलेली. भिंतीवर एकही पोपडा नाही, खिडक्या चकचकीत. तरी खिडकीच्या खालच्या खाचेतून पुसून घेतलेल्या धुळीत शिसं मर्यादेच्या बरंच वर निघालं. मालकांना ते पटेना. मला मात्र ते वरखाली सरकणारे लाकडी पल्ले पाहूनच शंका आली होती.

शिसं भिंतीवरच्या जुन्या रंगातही होतं. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र, वरच्या थरांखालचंही शिसं पकडतं, नव्या रंगाने फसत नाही. पण घट्ट बसलेला रंग भिंतीवर आहे तोवर त्रास देत नाही. पल्ला मात्र दर उघडझाकीला चौकटीला घासतो आणि जुन्या थरांची भुकटी खाचेत पडते. तिथून ती रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि पोटात जाते. वरून कितीही जाड लेप द्या, घासणाऱ्या कडेवर तो टिकत नाही.

त्यात रंगाऱ्याने कोरडाच पॉलिश पेपर मारून खोली झाडूने झाडलेली. शिशाच्या रंगावर याहून वाईट काम नाही, आणि सर्रास हेच होतं.

मग सामान बाहेर काढलं, जमिनीवर १५० मायक्रॉनचं प्लास्टिक, दारालाही तेच. खिडकीबाहेरच्या मातीवरसुद्धा अंथरलं, नाहीतर तिथे पडलेले पोपडे चपलांबरोबर परत घरात येतात. पल्ले उतरवले, कडांवर पाणी फवारत त्या लाकडापर्यंत खरवडल्या. गरम हवेने रंग सोडवणारी हीट गन टाळलेलीच बरी. सुमारे ५९० अंश सेल्सियसच्या वर तर अजिबात नको, शिशाचा धूर होतो. खाचेत अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला, म्हणजे पुसायला गुळगुळीत जागा मिळते.

सफाईत घाई चालत नाही: हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, मग पुन्हा हेपा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो. पुसायला दोन बादल्या, एक साबणाची, एक खळबळायची, आणि फडकी वरचेवर बदलायची. शेवटचे नमुने तासभर थांबून घेतले, हवेतली धूळ खाली बसल्यावर. ते मर्यादेत आले.

भिंतींतलं शिसं जागच्या जागी आहे. कुठल्या भिंतीत किती, याचा तक्ता मालकांना दिलाय, पण ड्रिल घेऊन येणारा कारागीर तो मागणार नाही आणि त्याला कुणी दाखवणारही नाही. म्हणून आता वीजमंडळाच्या पेटीच्या दाराला आतून एक प्रत चिकटवायला सांगितली आहे. वायरिंगवाला निदान ते दार तरी उघडतो.