तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी कोणता नॅस घेऊ?

सोसायटीतले एक काका, दोन मावसभाऊ, ऑफिसातल्या तिघी-चौघी. गेल्या वर्षभरात या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "घरी नॅस घ्यायचाय. सिनेमे ठेवायचेत आणि फोटोंचा बॅकअप हवाय. कोणता घेऊ?" फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला एक छोटा कॉम्प्युटर. तो राउटरला लॅन केबलने जोडायचा आणि चोवीस तास चालू ठेवायचा. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे त्याच्यावरचं बघू शकतात आणि त्याच्यावर ठेवू शकतात.

मॉडेल सांगण्याआधी मी समोरच्याला विचारतो, यातलं काय गेलं तर पुन्हा मिळणार नाही? हे विचारायला मी का शिकलो, ते आधी सांगतो.

2016 च्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क टेबलाच्या कडेला चालू होती. कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि ती फरशीवर पडली. उंची जेमतेम अडीच फूट. परत जोडली तर आतून आवाज यायला लागला, टक्... टक्... टक्, मग थोडी शांतता, आणि पुन्हा टक्. त्या डिस्कवर आमच्या घरच्या मिनीडीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटी उतरवलेल्या होत्या. तासाभराची कॅसेट उतरवली की साधारण 13 जीबी होतात, अशा अकरा. मूळ कॅसेटी माळ्यावर होत्या आणि त्यांना पावसाळ्यात बुरशी लागून त्या कधीच गेल्या होत्या. म्हणजे त्या सगळ्याची ती एकुलती एक प्रत होती, आणि मला ते माहीत होतं. दिवाळीनंतर दुसरी कॉपी करायची असं ठरवूनही झालं होतं.

डेटा काढून देणाऱ्यांनी डिस्क महिनाभर ठेवून घेतली. परत आलं त्यात फाइलींची नावं सगळी होती, पण उघडणाऱ्या निम्म्याही नव्हत्या. एका कॅसेटवर आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. त्या फाइलीतले पहिले चाळीस सेकंद वाचले. आजी पदर सारखा करते, कॅमेऱ्याकडे न बघताच "सुरू झालं का रे ते?" विचारते, जात्याचा खुंटा धरते, पहिल्या ओवीचे तीन शब्द येतात आणि चित्र गोठतं. आजी 2011 साली गेली.

म्हणून "सिनेमे आणि बॅकअप" हे मी एका दमात ऐकून घेत नाही. सिनेमा गेला तर पुन्हा मिळेल, फार तर चार दिवस शोधावं लागेल. आजी पुन्हा मिळणार नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे एका रविवारी घरातले सगळे फोन, जुने लॅपटॉप, ड्रॉवरमधले पेन ड्राइव्ह काढा आणि दोन ढीग करा. एकात पुन्हा मिळणारं, दुसऱ्यात न मिळणारं. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली, तेव्हापासून बऱ्याच घरांतले फोटो अर्धे क्लाउडवर, अर्धे कुठल्या तरी फोनमध्ये असे विखुरलेत. तेही या बेरजेत धरा. मी जिथे जिथे हे करायला लावलं तिथे दुसरा ढीग वाटला होता त्याहून लहान निघाला. आमच्याकडे तो 640 जीबी भरला. सिनेमे, मालिका, गाणी मिळून दोन टीबी.

हा आकडा हातात आला की बरेच निर्णय आपोआप होतात. माझं ठाम मत आहे की सामान्य घराला दोन खणांचा नॅस पुरतो. दोन्ही खणांत चार-चार टीबीच्या डिस्क बसवायच्या आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं उमटेल अशी मांडणी निवडायची. तिला रेड 1 म्हणतात. जागा आठ टीबी न मिळता चारच मिळते, आणि लॅपटॉपवर तीही 3.6 दिसेल, कारण डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या.

इथे एक गैरसमज मला कळकळीने दूर करायचाय. काका मला म्हणाले होते, "दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झालाच की." नाही झाला, काका. दोनपैकी एक डिस्क जळाली तर काम थांबणार नाही, एवढीच त्या मांडणीची हमी. तुम्ही चुकून एक फोल्डर उडवलात तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून उडतो. चोर डबा उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क नेतो. 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर थेट उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस कुलूपबंद केले. त्यांत दोन डिस्क होत्या की चार, याने काही फरक पडला नाही.

फोटोग्राफर मंडळी 3-2-1 चा नियम पाळतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. म्हणून बजेट ठरवताना मी आधी दोन साध्या यूएसबी डिस्कचे पैसे बाजूला काढायला सांगतो आणि उरलेल्यात नॅस बसवायला सांगतो. चार खणांचा झकास डबा घेऊन बाहेरच्या प्रतीला पैसे उरत नसतील, तर तो डबा घेऊ नका.

आता मॉडेल. सिनॉलॉजीचा डीएस223 किंवा त्याच तोडीचा दुसऱ्या कंपनीचा, एआरएम प्रोसेसरचा (मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा) स्वस्तातला डबा फोटो आणि बॅकअपसाठी चांगला चालतो. सिनेमांसाठी महागडा लागतो का, हे तुमच्या टीव्हीवर अवलंबून आहे. टीव्हीला फाइल आहे तशी वाजवता आली तर नॅसला फक्त ती पोचवायची असते आणि ते काम स्वस्त डबाही करतो. टीव्हीला तो फॉरमॅट समजत नसेल, किंवा गावाकडे कमी स्पीडवर बघायचं असेल, तर नॅसला चालू सिनेमाच दुसऱ्या रूपात बदलून द्यावा लागतो. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि तिथे स्वस्त प्रोसेसर धापा टाकतो. त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर हवा. डीएस224+ मध्ये सेलेरॉन जे4125 आहे, तो हे निभावतो. नॅसवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवायला जेलीफिन किंवा प्लेक्ससारखं सॉफ्टवेअर लागतं. जेलीफिन फुकट आहे. प्लेक्समध्ये ट्रान्सकोडिंगसाठी प्रोसेसरची ही मदत घ्यायला पैसे भरावे लागतात. पण आधी एक सिनेमा पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून बघा. वाजला तर तेवढे पैसे वाचले.

स्नॅपशॉटची सोय आहे का, हे मात्र विचाराच. ठरावीक वेळी सगळ्या फाइली कशा होत्या याची नोंद नॅस ठेवतो. मुलीने एकदा शाळेच्या प्रोजेक्टसाठी जागा करताना अख्खं 2019 साल उडवलं. स्नॅपशॉटमधून ते पाच मिनिटांत परत आलं.

डिस्क निवडताना घाई करू नका, कारण घरात पैसे बहुतेक इथेच चुकीचे जातात. डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. एसएमआर समजायला कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. कौलं एकमेकांवर चढवलेली असतात, म्हणून तेवढ्याच छपरात जास्त बसतात. पण मधलं एक बदलायचं तर वरची आधी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर पट्ट्या अशाच एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून जुनं बदलून नवं लिहिताना ती रखडते. नॅसमध्ये एक डिस्क बदलून नवीवर सगळं पुन्हा भरायची वेळ येते तेव्हा तर फारच. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' मालिकेतल्या (हे नुसतं नाव, वरच्या रेड 1 शी संबंध नाही) काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि कंपनीने ते मान्य केलं. तेव्हापासून त्या मालिकेतल्या सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने येतात. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआरच आहेत. दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून सीरियल नंबर टाकून वॉरंटीही बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तरी आणि ऑनलाइन घेतली असेल तर पाकीट उघडल्या उघडल्या. मी दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच लॉटमधल्या जुळ्या बहिणी बरोबरच आजारी पडू शकतात.

डबा आणि डिस्क यांचं जमतं का, तेही आधी बघा. 2025 मध्ये सिनॉलॉजीने त्यांच्या नव्या प्लस मॉडेलांत ठरावीक डिस्कच चालतील असा नियम आणला होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबरात तो बराचसा मागे घेतला.

केबल साधी कॅट 5ई पुरते. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास जातात, म्हणजे एक टीबीला अडीच तास. पहिली भरणी वाय-फायवरून करू नका, दोन दिवस जातील. विजेचं म्हणाल तर दोन खणांचा डबा वीस वॅटच्या आत-बाहेर खातो, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. पण यूपीएस हवाच, आणि यूएसबी पोर्ट असलेलाच हवा. आमच्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती गेली की यूपीएस यूएसबी केबलमधून नॅसला कळवतो आणि नॅस लिहित असलेलं पुरं करून शिस्तीत बंद होतो. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना तो पोर्ट नसतो.

बाहेरून फोटो बघता यावेत म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत येणारं दार, उघडू नका. टेलस्केलसारख्या अ‍ॅपची खासगी वाट वापरा, तिच्यावरून फक्त तुमचीच उपकरणं नॅसपर्यंत येतात. डेडबोल्टने गाठलं ते उघड्या दारांच्या घरांना.

आणि पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत असेल तर हे सगळं तुमच्याबरोबर बंद होईल. आमच्याकडे कपाटात घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक पान आहे. नॅस कुठे आहे, कसा उघडायचा, बाहेरची डिस्क कुणाकडे आहे, सगळं माझ्या अक्षरात. बायकोने ते पान वाचून, मला काही न विचारता, एकदा फोटो उघडून दाखवले. तेव्हाच मी ते पान पुरं झालं असं मानलं.

बाहेरची डिस्क ताईकडे नाशिकला असते. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. भाऊबीजेला मी ताजी भरलेली टॉवेलात गुंडाळून नेतो आणि तिच्या लोखंडी कपाटातली जुनी घेऊन येतो. ओवाळून झालं की जुनी डिस्क लॅपटॉपला लावून कुठल्याही पाच-सहा फाइली उघडून बघायच्या, हे ठरलेलं. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. गेल्या वर्षी त्यांत ते चाळीस सेकंद होते. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "थांब, परत लाव."