कमरेचा करकोचा आणि तळव्यावरचा डाग

चाळिशीनंतर मानेवर आणि काखेत लोंबणारे मऊ मस येतात, साठीनंतर पाठीवर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी, खरखरीत उंचवटे दिसू लागतात, आणि हे दोन्ही प्रकार बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. मला काळजी वाटते ती त्वचेचा कर्करोग आपल्याकडे ज्या जागी होतो, त्या जागा कोणी पाहतच नाही याची.

तिळाचे दोन भाग एकसारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाहून अधिक रंग दिसणे, रुंदी ६ मिलिमीटरहून जास्त असणे आणि मुख्य म्हणजे तो बदलत राहणे, या धोक्याच्या खुणा आपल्यालाही लागू पडतात. परंतु सावळ्या त्वचेत मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उद्भवतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग आढळला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले. अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा असणे आपल्या वर्णात स्वाभाविक आहे. मात्र एकाच नखावर नवी रेघ उमटून ती रुंदावत असेल किंवा काळेपणा नखाभोवतीच्या कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवे.

दुसरी जागा कमरेची. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती, आणि परकराच्या नाडीखालीही तो होतो. वर्षानुवर्षे नाडी काचल्याने पडलेला काळसर, खाजरा करकोचा स्वतः कर्करोग नव्हे. नाडी सैल केली, रुंद पट्टा वापरला की त्याचा त्रास बहुधा कमी होतो. पण त्याच पट्ट्यात एखादी जागा टणक झाली, कडा उचललेला व्रण पडला, खपली धरून पुन्हा रक्त येऊ लागले आणि तीन-चार आठवड्यांत तो भरला नाही, तर मलमे बदलत बसू नये. भाजल्याच्या जुन्या व्रणावर चिघळलेल्या जखमेबाबतही हेच खरे आहे. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका ही जागा संकोचाने दाखवत नाहीत, म्हणून लेकीसुनांनी आपणहून विचारावे, असे मला कळकळीने वाटते.

चामखीळ समजून अशा गाठीला घोड्याचा केस बांधणे, चुना लावणे किंवा ती जाळून घेणे घातक ठरते, कारण वरचा भाग नाहीसा झाला तरी मूळ आत वाढत राहते आणि बायोप्सीसाठी, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, लागणारा नमुनाही हाती राहत नाही.