एकट्याचा ग्रुप

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना फोन उघडला, तर समोर मेसेज: ‘३३५० पौंड. कॅमेरा. रिकामी.’ गुरुवारी रात्री पावणेबाराला पाठवलेला. पाठवणारा मी आणि ज्याला पाठवला तोही मीच. पण रिकामी काय, ते काही केल्या आठवेना.

हा ग्रुप माझा एकट्याचा आहे. नाव ‘नंतर बघू’. सुरू करताना आणखी एक माणूस लागायचा, म्हणून मेहुण्याला आत घेतलं आणि लगेच काढून टाकलं. त्याला तीन वर्षं झाली, पण प्रत्येक लग्नकार्यात तो चारचौघांत ते काढतोच. आता स्वतःलाच मेसेज करायची वेगळी सोय आली आहे. मुलीने दाखवलीही. पण ग्रुपचा थाट काही त्यात नाही. आठवडाभर इंटरनेटवर हिंडताना जे हाताला लागेल ते इथे टाकायचं आणि रविवारी दुपारी आडवं होऊन वाचायचं, असा नेम आहे. कुणी म्हणेल, याचा उपयोग काय? कुणी म्हणेल कशाला, बायको म्हणतेच.

तर रिकामी होती ती कॉफीची किटली. आठवलं एकदाचं!

झालं असं की, मी आमच्या घरच्या विजेच्या किटलीतला थर काढायचा उपाय शोधत होतो. सोसायटीला बोअरचं पाणी. किटलीच्या तळाशी चुना फासावा तसा पांढरा लेप बसलाय. उपाय पहिल्याच ओळीत मिळाला: पाण्यात लिंबू पिळा आणि उकळा. तिथेच फोन ठेवून झोपायला हवं होतं. पण मग जगातली सर्वांत प्रसिद्ध किटली कोणती, हे कसं कळलं असतं?

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं यंत्र होतं. लोक इमारतीच्या दुसऱ्या भागांतून जिने पार करून यायचे आणि बघायचे तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ साली तिथल्या मंडळींनी भांड्यावर एक कॅमेराच रोखला. ज्याने त्याने आपल्या जागेवर बसून बघावं, कॉफी आहे की संपली. १९९३ मध्ये हे चित्र इंटरनेटवर आलं आणि जगभरचे लाखो लोक केंब्रिजमधली कॉफी किती उरलीये ते बघायला लागले. चित्र टिचभर, तेही काळंपांढरं. २००१ च्या ऑगस्टमध्ये विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा कॅमेरा बंद झाला आणि ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेतलं एका जर्मन साप्ताहिकाच्या इंटरनेट आवृत्तीने.

मला त्या लाखोंचं मुळीच हसू आलं नाही. आमच्या सोसायटीच्या टाकीवर असा कॅमेरा बसवला तर मी दिवसातून वीसदा बघेन.

त्याच्यावरचा मेसेज: ‘मोहरी = भारत.’ हा चटकन आठवला, कारण त्यावरून जेवताना बोलणी खाल्ली होती. पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारच्या सीमेजवळ दहला खागडाबाडी नावाचा एक तुकडा होता. जेमतेम पावणेदोन एकर, त्यात तागाचं शेत. बांगलादेशाच्या पोटात भारताचं गाव, त्याच्या पोटात बांगलादेशाचं गाव आणि त्याच्याही पोटात हा भारताचा तुकडा. शेत मात्र बांगलादेशी शेतकऱ्याचं. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी अशी गावं एकमेकांना देऊन टाकली आणि गुंता सुटला. हे मी समोरच्या ताटावरून समजावत होतो. ताट म्हणजे बांगलादेश, वाटीतली आमटी भारत, आमटीतली शेवग्याची शेंग बांगलादेश आणि शेंगेला चिकटलेली मोहरी पुन्हा भारत.

‘शेंग खाऊन टाका, म्हणजे मिटेल सगळं,’ बायको म्हणाली.

खरं म्हणजे ही खोड इंटरनेटची नाहीच. इंटरनेट फार नंतर आलं. मला ती लागली स्वयंपाकघरातल्या फळीवर.

दिवाळीच्या आधी फळ्या पुसायच्या असत. स्टुलावर चढून डबे उतरवून आईच्या हातात देणं हे माझं काम. डबे उतरले की खाली वर्षभरापूर्वी अंथरलेला पेपर. पिवळा पडलेला, कडा बाहेर लोंबतात तिथे चुलत्याने दिलेल्या कात्रीने आईने नक्षीसारखे त्रिकोण कापलेले. प्रत्येक डब्याचं एक गोल वर्तुळ. तेलाच्या बरणीखाली तर गंमतच. कागद तेल पिऊन असा पारदर्शक व्हायचा की पाठीमागची अक्षरंही उलटी होऊन पुढे यायची आणि सर्कशीच्या जाहिरातीत सोन्याचे भाव घुसायचे. मी स्टुलावरच उभा राहून वाचत असे. कसोटी सामना दुसऱ्या दिवसअखेर थांबलेला. पुढे काय झालं ते कुणास ठाऊक, कारण तिसऱ्या दिवसाचा पेपर रद्दीत गेलेला. एक बातमी ‘पान ५ वर’ निघून गेलेली आणि पान ५ कुठल्या फळीवर आहे ते शोधायला मी मसाल्याचे डबेसुद्धा सरकवलेले.

‘पेपर बदलायला चढवलाय तुला, वाचायला नाही,’ खालून आवाज यायचा.

मग मी बदलायचो. म्हणजे नवा पेपर अंथरायच्या आधी तो वाचायचो.

त्यातली एक जाहिरात अजून आहे माझ्याकडे. कागद नाही, मजकूर. पोह्यांच्या डब्याखाली होती. मुलाचा फोटो, शाई उतरून नुसता काळा ठिपका झालेला. खाली: ‘जिथे असशील तिथून निघून ये. आई जेवत नाही. तुला कोणीही रागावणार नाही.’ वर नाव असणार, पण फळीच्या मापाने पेपर दुमडून कापला होता, तो नेमका तिथे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसलो की मनात यायचं, तो आला असेल का? आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘आला असेल रे. वर्ष झालं त्याला.’ आणि चकलीचा सोऱ्या दाबायला लागली.

केंब्रिजच्या त्या भांड्याला काय किंमत आली, कुणी दिली, सगळं मला पाठ आहे. याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. काय टाकून शोधणार?

असो. तिसरा मेसेज: ‘खदखद. १८५७.’ मुलीने विचारलं होतं, उकळणं आणि खदखदणं यात फरक काय. उत्तराला मी गेलो मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात. १८३१ चा तो कोश, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आता शिकागो विद्यापीठाने सगळा इंटरनेटवर ठेवलाय, घरबसल्या फुकट. आवाजांवरून झालेले शब्द त्यात इतके आहेत की मी तासभर तिथेच. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी. शास्त्रीमंडळी भोवती बसवून रटरट कशाला म्हणतात आणि खळखळ कशाला, हे कान देऊन टिपून घेतोय. इकडे मुंबईच्या छापखान्यात त्याच्या कोशाची दुसरी आवृत्ती, तिकडे मेरठ पेटलेलं. मुलगी तोवर झोपून गेली होती. तिचं उत्तर राहिलंच.

सगळ्यात खाली, शुक्रवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी पाठवलेला: ‘लिंबं ६.’

हे कुठल्या देशातलं, कुठल्या सालातलं, काहीच लागेना. गुंडाळून ठेवलेल्या राष्ट्रांची नावं आठवून बघितली. एखाद्या बेटावर सहाच लिंबं लागतात, असं काही वाचलं होतं का? मग उजेड पडला. शुक्रवारी निघताना बायकोने दारात सांगितलं होतं आणि विसरायला नको म्हणून जिन्यातच लिहिलं होतं.

स्वयंपाकघरात गेलो. तिने गरम पाण्यासाठी किटली लावली होती. पाण्याबरोबर पांढरे कण खालीवर नाचत होते आणि तळातून आवाज येत होता. खदखद म्हणावी तर तेवढा जाड नाही. सळसळही नव्हे ती. कोशात बघायला हवं.

‘लिंबं आणलीत का हो?’

फोन हातात होताच. ‘थांब एक मिनिट,’ म्हटलं.