शाळेतला फड

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि त्याच रात्री मी लिहायला बसलो. इमारत, घंटा, परिपाठ, शनिवारची सकाळची शाळा हे सगळं बाकीचे लिहितीलच. गुरुजींचं नावही या अंकात पानोपानी येईल, म्हणून मी त्यांना नुसतं गुरुजी म्हणतो. आमच्या पिढीला गुरुजी म्हटलं की दुसरं कोणी आठवतच नाही. मला लिहायचं आहे ते त्यांच्या फडाबद्दल.

खानदेशातल्या आपल्या पांझरेकाठच्या जुन्या माणसाला फड काय ते सांगायला नको. पण आज शाळेत बसणाऱ्या मुलांनी तो पाहिलेला नाही. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं पीक एकच. पाटकरी पाणी सोडणार, बारेकरी ते शेतोशेती फिरवणार, जागल्या राखण करणार. आपल्या शेतात पाणी कधी घ्यायचं हे मालकाच्या हाती नाही, मग तो कितीही मोठा असो. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन फडाफडांत विखुरलेली, त्यामुळे तोटा झाला तर सगळ्यांचा. शेकडो वर्षं आपल्या नदीवर हे चाललं.

गुरुजी मूळचे नगरकडचे. इथे आले तेव्हा संध्याकाळी पारावर बसून म्हाताऱ्यांना फडाचं विचारत राहायचे, आणि त्यातच अहिराणीही शिकले. मग त्यांनी शाळेमागच्या पडीक जागेत चार फड पाडले, पहिली ते चौथी, वर्गाला एक. पंचायतीच्या विहिरीवर गुरांना पाणी पाजायचा हाळ होता, त्यातून वाहून जाणारं पाणी एका बारीक पाटाने तिकडे वळवलं. फड वर्गाचा, पण पाटकरी सगळ्या शाळेचा, आणि तो दर आठवड्याला बदलायचा. दुसरीतल्या मुलीची पाळी असली तर चौथीतल्या दांडग्या पोरांनाही तिने सांगितल्याशिवाय पाणी तोडता येत नसे.

तोवर गावातली मुलं एका बाजूला, भिलाटीतली भिंतीकडेला आणि महारवाड्यातली दाराशी बसायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, तसंच चालत आलेलं होतं. गुरुजींनी त्यावर एकही भाषण दिलं नाही. खुरपायला, वाफे बांधायला, कुंपणाला काट्या आणायला त्यांनी जोड्या लावल्या त्या हजेरीपटातल्या क्रमाने. ज्याच्याबरोबर सकाळभर चिखलात हात घातले त्याच्याजवळच माणूस बसतो. दिवाळीपर्यंत वर्गातल्या पट्ट्यांवर कोण कुठला हे ओळखू येईनासं झालं होतं.

मग 1972 चा दुष्काळ आला. बंधारा उघडा पडला, गावाचे फड बंद झाले, आईबाप खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. शाळेमागचा हाळ दिवसाआड जेमतेम भरायचा. पाटात सोडलेलं पाणी शेवटी असलेल्या चौथीच्या फडापर्यंत पोचेना. मी चौथीत होतो आणि आमची वांगी फुलावर आली होती. गुरुजींनी सगळ्या शाळेला निंबाखाली बसवलं आणि विचारलं, कोणता फड ठेवायचा? आम्ही मोठ्यांनी अर्थातच आमचा सांगितला. तेव्हा गावच्या जागल्याची नात, दुसरीतली, उठून म्हणाली, ‘‘हाळजवळना ठेवा, गुरुजी. पाट पानी पी जास.’’ तिच्या आजोबांकडून ऐकलेलं होतं ते. पाणी जितकं लांब न्यावं तितकं वाटेत जमिनीत मुरतं. हाळाजवळचा फड पहिलीचा होता, त्यात गिलक्यांचे वेल होते.

गुरुजींनी हात वर करायला सांगितले. चौथीतले हातही हळूहळू वर गेले. त्या दिवसापासून सगळी शाळा पहिलीच्या फडाची झाली. आम्ही मोठी मुलं गिलक्यांना पाणी घालत होतो, पहिलीतली चिमुरडी पाखरं हाकलत होती. पहिली गिलकी निघाली तेव्हा शाळा झाडणाऱ्या आजींनी चुलीवर मोठ्या पातेल्यात भाजी केली. एक पंगत बसली. प्रत्येकाच्या भाकरीवर एवढीशी भाजी आली, आणि ज्याच्या दप्तरात भाकरी नव्हती त्याला शेजारच्याने आपली अर्धी मोडून दिली. दुष्काळात अर्धी भाकरी म्हणजे काय होती, ते ज्यांनी तो काळ काढला त्यांनाच कळेल.

संध्याकाळी गावातले एक वडीलधारे शाळेत आले. सगळ्यांच्या पंगतीत आपला नातू जेवला हे त्यांना रुचलं नव्हतं. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, ‘‘पाट ते एकच शे ना, आबा?’’ आबा बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नातू शाळेत आला, आणि त्याच्या फडक्यात रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त होती.

मी पुढे पाटबंधारे खात्यात लागलो आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणाऱ्या 2005 च्या कायद्यानंतर पाणी वापर संस्था उभ्या करण्याचं काम बरीच वर्षं केलं. बैठकीत पुढच्या रांगेत बसणारे मोठे बागाईतदार आधी बोलायचे. मी पहिला प्रश्न टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारायचो, बायका असतील तर त्यांना. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. जे काही चांगलं काम माझ्या हातून झालं, त्याचं श्रेय निंबाखाली बसवणाऱ्या त्या माणसाला आहे. त्यांच्या हयातीत हे त्यांना पत्राने कळवलं होतं, एवढं समाधान आहे.

गेल्या महिन्यात शाळा पाहून आलो. फरशी आहे, संगणक आहे, भिंतींवर सुंदर चित्रं आहेत. पण पट फार कमी झाला आहे. सकाळी पिवळ्या बस येतात आणि गावातली निम्मी मुलं तालुक्याला घेऊन जातात. उरलेली बहुतेक भिलाटीतली. एका गावची मुलं आता एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं. नदीवरचे फडही मोडलेच. विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, ज्याचं पाणी त्याचं झालं.

शाळा व्यवस्थापन समितीला माझी विनंती आहे. शाळेमागची जागा अजून रिकामी आहे आणि पोषण आहारासाठी परसबाग करायची असं मुख्याध्यापिकाबाई म्हणत होत्या. पाटाची पातळी मी स्वतः काढून देतो, वाफे आखून देतो, बियाणं आणि पाइप माझ्याकडून. बसने जाणारी मुलं रविवारी तरी येऊ द्यावीत, त्यांच्या आईवडिलांशी बोलायला मी घरोघर येईन. पाटकरी मात्र दुसरीतला ठेवा.