पाच पिना, तीन तारा

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनासाठी पाच बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकातले शाळेचे कॉम्प्युटर, एकमेकांना जोडून द्यायचे होते. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात सुरुवातीला २५० शाळांना हे कॉम्प्युटर मिळाले होते. ही यंत्रं त्याच पिढीतली. बत्तीस के मेमरी, दोन मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, वर चार दशकांची धूळ. संस्थेचे सचिव म्हणाले, “बजेट फार नाही हं.” हे वाक्य मी शिक्षणसंस्थांकडून इतकं ऐकलंय की एस्टिमेट करताना ते धरूनच चालतो.

असं यंत्र हाती आलं की स्विच लावायचा नाही. आधी पॉवर सप्लायमधले ‘रिफा’ कंपनीचे जुने कपॅसिटर काढायचे. त्यांचं कवच तडकलेलं असतं आणि आत दमट हवा शिरलेली असते. न काढता चालू केलं की दहा मिनिटांत अख्ख्या खोलीत उग्र वासाचा धूर.

या कॉम्प्युटरांचं नेटवर्क म्हणजे एकोनेट. प्रत्येक बोर्डावर ६८बी५४ ही नेटवर्कची चिप आणि तिचे लाइन ड्रायव्हर, म्हणजे तारेवर सिग्नल ढकलणाऱ्या चिपा, लागतात. आमच्या पाचपैकी तीन बोर्डांवर ती जागा रिकामी होती. स्वस्तात मागवलेल्या चिपांवर ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर दोघींचं नाव पुसून खालून भलतंच नाव वर आलं. बाकीच्या जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या होत्या, पण अस्सल.

एकोनेटला क्लॉक, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका ठेक्यात ठेवणारा सिग्नल, बाहेरून द्यावा लागतो. अख्ख्या लाइनीला मिळून एकच. मूळ क्लॉक-बॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा क्लोन आणि आरएस-४८५ ची ड्रायव्हर चिप घेऊन बनवला. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) चौकोनी लाटा इतक्या स्वच्छ आल्या की मी फोटो काढून ठेवला. केबल सीसीटीव्हीच्या कामातून उरलेली कॅट-फाइव्ह: एक जोडी डेटाला, एक क्लॉकला, तिसरी ग्राउंडला. दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल टोकावरून उलटा परतू न देणारे रेझिस्टर. प्रत्येक यंत्राला बोर्डावरच्या लिंक (छोटे जंपर) बदलून वेगळा स्टेशन नंबर दिला. पाचव्या यंत्राला सर्व्हर केलं. त्याच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, म्हणून ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हलाच फ्लॉपी भासवणारा डबा. आमचा प्रसाद म्हणत होता, “सर, सगळ्यांना एसडी कार्ड लावू या. वायर नुसती दिसायला ठेवू. मुलांना काय कळणार?” पोरगा हुशार आहे, पण हे असलं त्याला पटकन सुचतं.

यंत्र ते सॉकेट अशा पाच-पिनी डिन लीड, म्हणजे गोल प्लगच्या छोट्या वायरी, लागतात. चार मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून पिना आणून स्वतः सोल्डर केल्या. पाचवी सचिवांनी परस्पर आणली, वाद्यांच्या दुकानातून. मिडीची (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची), ताणून बसवलेली, सुबक.

सकाळी पाचही यंत्रं लागली. एकावर सेव्ह केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर उघडला, मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. अकराला पालक आले आणि चौथ्या यंत्रावर ‘नो क्लॉक’. थोड्या वेळानं आपोआप ठीक. पुन्हा ‘नो क्लॉक’. बाकीची चार खुशाल चालू. सॉकेटवर स्कोप लावला, क्लॉक जागेवर. ड्रायव्हर चिप बदलली, फरक नाही. सचिव मागे उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, “जुनं झालंय ना सगळं.”

शेवटी छडा लावला तो शिपाईमामांनी, तोही नकळत. भाषण सुरू होणार म्हणून त्यांनी त्या कोपऱ्यातला पंखा बंद केला आणि स्क्रीनवर फाइलींची यादी सरसर उतरली. रेग्युलेटर फिरवला, गेली. बंद केला, आली. मग मल्टिमीटर घेतला आणि मिडीची लीड तपासली. तीन पिनांवर बीप, दोन पिना मुक्या. मिडीला तीनच तारा पुरतात, म्हणून स्वस्त लीडमध्ये बाकीच्या दोन घालतच नाहीत. एकोनेटला पाचही हव्यात. डेटा आणि क्लॉक दोन-दोन तारांवर उलटसुलट जातात. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखा चढतो आणि रिसीव्हर फक्त फरक वाचतो, म्हणून तो गळून पडतो. इथे प्रत्येक जोडीतली एक तार गायब. मग पंख्याचं सगळं चरचरणं थेट आत.

सचिवांना दाखवलं, तर म्हणाले, “अहो, पाच पिनांची वायर ती पाच पिनांचीच ना?” दात कोरून पोट भरत नाही, हे ओठांवर आलं होतं, बिल बाकी होतं, गिळलं. नवी लीड बनवायला वीस मिनिटं लागली.

पण ते सकाळी चाललंच कसं, हे मला अजून कळलेलं नाही. ऐकण्याचं समजू शकतं: बोर्डावरच्या रेझिस्टरांमुळे चिपच्या मोकळ्या पायावर मधलं काहीतरी व्होल्टेज राहत असेल आणि शांत खोलीत तेवढ्यावर भागत असेल. पण त्या यंत्रानं पाठवलेलंही सर्व्हरपर्यंत पोचत होतं, अर्ध्या जोडीवरून, आणि मधे आठ-दहा मीटर केबल. टर्मिनेटर तारांवर जे ठरावीक व्होल्टेज धरून ठेवतो, त्या बायसनं सांभाळून घेतलं? ती लीड पुन्हा लावून दोन्ही टोकांना स्कोप धरला तरच कळेल. यंत्र दोन दिवस न्यायला द्या म्हणून सचिवांना फोन केला.

“आता चालतंय ना?” ते म्हणाले. “मग उघडू नका.”