डिपचा सॉस होतो कसा?

‘संध्याकाळी पणजीहून कदंबच्या बसनं फोंड्याला पोचतेस, मग अर्ध्या तासात पास्ता पानात येतो कसा?’ ऑफिसातल्या मैत्रिणी हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: सॉस मी करतच नाही. फ्रिजमध्ये विकतच्या डिपचा, म्हणजे चिप्स वगैरे बुडवून खायच्या दाट चटणीचा डबा असतो, हमसचा नाहीतर दह्याच्या लसणी डिपचा, त्यावर भागतं.

पण डबा उघडून पास्त्यावर ओतायचा नाही. खरी करामत पास्ता उकळलेल्या पाण्याची. दोघांना 200 ग्रॅम पास्ता, 2 लिटर पाणी, मीठ बेतानं, कारण डिपमध्ये ते असतंच. गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढायचं. ते गढूळ दिसतं ना, तो पास्त्यातून उतरलेला स्टार्च. डिपमधलं तेल आणि पाणी त्यामुळे मिळून येतं.

हमस म्हणजे काबुली चणे आणि तीळ. स्वभाव थेट पिठल्याचा, थांबलं की घट्ट. वाडग्यात पाच-सहा मोठे चमचे हमस घेऊन त्यात ते गरम पाणी थोडंथोडं घालत फेटते. सुरुवातीला ते घट्टच वाटतं. घाबरू नका, आणखी पाणी घाला. मग एकदम सैल पडतं, तकाकी येते, चमच्यावरून सलग धार पडते. लगेच पास्ता घालायचा.

दह्याचं डिप मी पहिल्यांदा कढईत चांगलं रटरटू दिलं. फुटलं. कण एकीकडे, पाणी एकीकडे. इतक्या दमून आल्यावर ते टाकून देताना फार जिवावर आलं. कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो, ते ठाऊक असून इथे सुचलं नव्हतं. आता आधी गॅस बंद करते, मिनिटभर थांबते, मगच डिप घालते आणि वर ते स्टार्चचं पाणी.

साल्साचं, म्हणजे टोमॅटोच्या डिपचं, उलट. त्याला आच हवीच, पाणी आटेपर्यंत.

आणि गोव्यात राहता, तर घरी रेशाद मसाला, म्हणजे लाल मिरची आणि व्हिनेगरचा वाटलेला मसाला, असणारच. चमचाभर मसाल्यात सुंगटं (कोळंबी) परता आणि हमसच्या पास्त्यावर घाला. मसाल्यातल्या व्हिनेगरनं तिळाचा जडपणा मोडतो. माझ्या सासूबाईंना पास्ता आवडत नाही, पण हा त्या पुन्हा मागून घेतात.

उरलाच, तर सकाळी दोन चमचे उकळतं पाणी घालून हलवा, पुन्हा सुटा होतो.